एटिझोलाम ०.५ मिलिग्रॅम : गोळी नेमकी, पट्टी अपुरी

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम आणि डायझेपाम या चिंतेच्या व झोपेच्या गोळ्यांची नावे आता घराघरांत पोहोचली आहेत; त्यांची पट्टी हातात घेताना माणूस थोडा तरी बिचकतो आणि सवय लागेल का, असे विचारतो. त्याच कामासाठी दिल्या जाणाऱ्या एटिझोलामच्या वाट्याला हे बिचकणे आलेले नाही. चिठ्ठीवर हे नाव असते, पट्टीवर छापलेले असते, आणि तरीही वर्षानुवर्षे ती गोळी घेणाऱ्याला ते सांगता येत नाही. ‘मानेची गोळी’, ‘टेन्शनची गोळी’, ‘ती बारीक गोळी’ अशीच ती मागितली जाते. औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून काम करताना हे सतत कानावर पडत आल्यामुळे या उत्पादनाचे सविस्तर परीक्षण लिहावे असे मला वाटले. माझे मत आधीच सांगतो: रेणू म्हणून एटिझोलाम विचारपूर्वक घडवलेला आणि थोड्या दिवसांच्या कामासाठी अतिशय उपयुक्त आहे, परंतु आपल्याकडे तो ज्या रूपात विकला जातो त्या रूपातून आपण काय घेत आहोत हे घेणाऱ्याला कळण्याची सोय जवळपास नाही. कंपन्यांची नावे मी मुद्दाम घेत नाही, कारण पुढे ज्या उणिवा सांगणार आहे त्या कोणा एकीच्या नाहीत.

प्रथम वस्तू पाहू. एटिझोलाम आपल्याकडे ०.२५, ०.५ आणि १ मिलिग्रॅम अशा ताकदींत मिळते, त्यांपैकी ०.५ची दहा गोळ्यांची पट्टी सर्वांत जास्त खपते. गोळी इतकी लहान असते की वयस्कर माणसाच्या बोटांतून ती सहज निसटते, आणि जिच्यावर मध्यरेघ नाही ती अर्धी करायला गेले की एक तुकडा मोठा, दुसरा लहान आणि थोडी पूड असे तीन वाटे होतात. पट्टीच्या मागे इंग्रजीत घटक, उत्पादनाचा परवाना, बॅच क्रमांक, मुदत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये ही सूचना असते. अक्षरे इतकी बारीक असतात की चष्मा लावूनही पट्टी उजेडाकडे तिरकी धरावी लागते. त्यातच आपल्याकडे पाच गोळ्या हव्या असतील तर पट्टी कात्रीने कापून देण्याची पद्धत आहे. बॅच आणि मुदत बहुधा एकाच टोकाला छापलेली असल्यामुळे दुसरा तुकडा घेऊन जाणाऱ्याच्या हाती मुदत येत नाही, आणि कधी कधी औषधाचे नावही अर्धेच येते. सोबत माहितीपत्रक नसते. किती दिवस घ्यावी, एकदम बंद केल्यास काय होते, मद्यासोबत घेतल्यास काय होते, वाहन चालवावे की नाही, यांपैकी एकही गोष्ट त्या पट्टीवरून मराठी वाचकाला कळत नाही.

या उणिवा इतर औषधांच्या पट्ट्यांतही असतात हे खरे. एटिझोलामच्या बाबतीत त्या जास्त का खटकतात हे समजण्यासाठी या रेणूचा इतिहास आणि त्याचे शरीरातले वागणे पाहावे लागते.

चिंता कमी करणाऱ्या आधुनिक औषधांची सुरुवात हॉफमन-ला रोश या कंपनीतील लिओ स्टर्नबाख यांच्या कामातून झाली. त्यांच्या प्रयोगशाळेतून आलेले क्लोरडायझेपॉक्साइड १९६०मध्ये लिब्रियम या नावाने आणि डायझेपाम १९६३मध्ये व्हॅलियम या नावाने बाजारात आले. त्यापूर्वी वापरात असलेल्या बार्बिट्युरेट गटातील औषधांची मात्रा थोडी जास्त झाली तरी श्वास थांबण्याची भीती असे. बेन्झोडायझेपिन या नव्या गटाने ती भीती पुष्कळ कमी केली आणि जगभरच्या औषध कंपन्या या सांगाड्यावर निरनिराळे प्रयोग करू लागल्या. जपानमधील योशितोमी ही कंपनी त्यांपैकी एक होती. बेन्झोडायझेपिनच्या सांगाड्यात एका बाजूला बेन्झीनचे षटकोनी वलय असते. योशितोमीच्या रसायनतज्ज्ञांनी ते काढून तेथे गंधकाचा अणू असलेले थायोफीनचे पंचकोनी वलय बसवले. या मार्गाने त्यांनी आधी क्लोटियाझेपाम तयार केले आणि पुढे त्या सांगाड्याला ट्रायझोलचे आणखी एक वलय जोडून, वाय-७१३१ या सांकेतिक क्रमांकाने ओळखला जाणारा रेणू सिद्ध केला. तोच एटिझोलाम. जपानमध्ये तो १९८४मध्ये डेपास या नावाने विक्रीस आला. पुढे विलीनीकरणे होत होत योशितोमी ही मित्सुबिशी तानाबे या कंपनीचा भाग झाली. जपानखेरीज इटली आणि भारत यांसारख्या मोजक्याच देशांत एटिझोलाम रीतसर औषध म्हणून रुजले; अमेरिकेत त्याला औषध म्हणून कधीच मान्यता मिळाली नाही. आपल्याकडे भरपूर खपणाऱ्या या गोळीबद्दल इंग्रजी पाठ्यपुस्तकांत फारसे सापडत नाही, त्याचे हे एक कारण आहे.

हे औषध काम कसे करते? मेंदूतील चेतापेशींना शांत करणारा मुख्य रासायनिक दूत म्हणजे गाबा. त्याचा ए प्रकारचा ग्राही (पेशीवरची त्याचा संदेश पकडणारी रचना) पाच प्रथिनांच्या जुळणीने बनलेला असतो आणि त्या पाचांच्या मधून क्लोराइडच्या आयनांना आत जाण्याची वाट असते. गाबा येऊन बसला की वाट उघडते, क्लोराइड आत शिरते आणि ती पेशी उत्तेजित होणे अवघड होते. बेन्झोडायझेपिन गटातील औषधे गाबाच्या जागी बसत नाहीत. अल्फा आणि गॅमा या दोन उपघटकांच्या सांध्यात त्यांची स्वतंत्र जागा आहे, आणि तेथे ती बसली की गाबाच्या सान्निध्यात वाट अधिक वेळा उघडते. मेंदूत अशी जागा आहे हे १९७७मध्ये स्क्वायर्स व ब्रेस्ट्रप आणि मोहलर व ओकादा या दोन जोड्यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले. एटिझोलामच्या रचनेत बेन्झीनऐवजी थायोफीन असल्यामुळे काटेकोर अर्थाने ते बेन्झोडायझेपिन ठरत नाही, त्याला थायेनोडायझेपिन म्हणतात. पण ते त्याच जागी बसते, तेच काम करते आणि फ्लुमाझेनिल या उताऱ्याने त्याचा परिणाम तसाच उतरतो. ‘हे बेन्झोडायझेपिन नाही’ हे वाक्य एटिझोलामच्या समर्थनार्थ मी अनेकदा ऐकले आहे. रसायनशास्त्राच्या तासाला ते बरोबर ठरेल, परंतु गोळी घेणाऱ्याच्या दृष्टीने त्याला काही अर्थ नाही.

ताकदीविषयीचा गैरसमज याहून जास्त घातक आहे. पट्टीवर ०.५ हा आकडा असतो आणि डायझेपामच्या पट्टीवर ५ असतो, त्यामुळे एटिझोलाम ‘हलकी’ असे सर्रास समजले जाते. प्रत्यक्षात एटिझोलामचे १ ते २ मिलिग्रॅम हे डायझेपामच्या सुमारे १० मिलिग्रॅमच्या बरोबरीचे धरले जातात. म्हणजे ०.५ची एक बारीक गोळी ही डायझेपामच्या अडीच ते पाच मिलिग्रॅमइतकी भरते. ती हलकी नाही. तिचे वजन कमी आहे, एवढेच.

एटिझोलामचा खरा स्वभाव मात्र त्याच्या वेळापत्रकात आहे. तोंडाने घेतल्यावर ते चांगले शोषले जाते आणि परिणाम लवकर जाणवतो. रक्तातील त्याचे प्रमाण निम्मे होण्यास (यालाच अर्धायुकाल म्हणतात) साधारण साडेतीन ते सहा तास लागतात. यकृतात त्याचे रूपांतर अल्फा-हायड्रॉक्सी-एटिझोलाम या उपपदार्थात होते, तोही परिणामकारक असतो आणि त्याचा अर्धायुकाल सुमारे आठ तासांचा आहे. डायझेपाम आणि त्याचे उपपदार्थ शरीरात कित्येक दिवस रेंगाळतात, त्यामुळे ते बंद केले तरी उतार आपोआप मंद होतो. एटिझोलामला तो उतार नाही. रात्री घेतलेली गोळी सकाळपर्यंत बरीचशी संपलेली असते. ज्याला झोप लागण्यापुरती मदत हवी आहे आणि सकाळी कामावर ताजेतवाने जायचे आहे त्याच्यासाठी हा मोठा गुण आहे, आणि मी तो मोकळेपणाने मान्य करतो. डायझेपामनंतर दुसऱ्या दिवशी येणारी सुस्ती येथे फार कमी आढळते. परंतु तीच गोळी महिनोन्‌महिने चालू राहिली की मेंदू तिच्या येण्याजाण्याला जुळवून घेतो, आणि मग ती उतरल्यावर पहाटेची अस्वस्थता, छातीतील धडधड आणि तुटक झोप सुरू होते. ही मूळ आजाराची लक्षणे समजून माणूस आणखी एक गोळी घेतो. औषध लवकर उतरत असल्यामुळे निर्माण झालेली ही मागणी आहे, हे त्याला सांगणारे कोणी नसते.

दुकानात एक सत्तरीचे गृहस्थ दर महिन्याला तीन पट्ट्या नेत असत. एकदा त्यांच्याऐवजी त्यांच्या सूनबाई आल्या आणि म्हणाल्या, “लग्नासाठी गावी गेलो होतो, तेव्हा बाबांच्या गोळ्या घरीच राहिल्या. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही, तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, घाम सुटला. आम्हाला वाटलं बीपी वाढलं.” पुढच्या वेळी गृहस्थ स्वतः आले तेव्हा मी विचारले, “काका, ही गोळी कधीपासून चालू आहे?” ते म्हणाले, “मानेला पट्टा लावला होता तेव्हापासून.” मानेचा पट्टा केव्हाच सुटला होता, गोळी सुटली नव्हती. “ही झोपेच्या गोळ्यांच्या जातीची आहे, एकदम थांबवायची नसते,” हे सांगितल्यावर त्यांना खरोखर धक्का बसला, कारण झोपेच्या गोळीच्या ते कडक विरोधात होते. त्यांच्या डॉक्टरांनी नंतर मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करत नेली. त्या अवधीत ०.२५च्या गोळीचा जो उपयोग झाला तो मी स्वतः पाहिला, आणि ही ताकद प्रत्येक दुकानात असायला हवी असे माझे ठाम मत तेथूनच बनले.

मानेसाठी झोपेच्या जातीची गोळी का दिली जाते, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर जपानमध्ये आहे. डेपासच्या मान्यताप्राप्त उपयोगांत चिंता आणि निद्रानाश यांच्या जोडीला मानेच्या मणक्यांचा विकार, कंबरदुखी आणि स्नायू आखडल्यामुळे होणारी डोकेदुखी यांचाही समावेश होता, कारण एटिझोलाम स्नायू शिथिल करते. मनाच्या तक्रारींसाठी तेथे दिवसाला ३ मिलिग्रॅमपर्यंत, मानेच्या व कंबरेच्या दुखण्यासाठी दीड मिलिग्रॅम, आणि वृद्धांना कोणत्याही कारणासाठी दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही, अशी मर्यादा आहे. परिणामी हाडांचे डॉक्टर आणि साधे कुटुंबवैद्यही ती सढळ हाताने लिहू लागले. मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्याचा संकोच असणाऱ्या समाजात आखडलेल्या खांद्यांसाठी म्हणून मिळणारी आणि मनही शांत करणारी गोळी लोकप्रिय न होती तरच नवल होते.

येथे इतिहासातील एक योगायोग फार बोलका आहे. १९८४मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने तब्बल ३३ बेन्झोडायझेपिन एकाच वेळी १९७१च्या मनोपरिणामी पदार्थविषयक कराराच्या चौथ्या अनुसूचीत, म्हणजे नियंत्रित पदार्थांच्या यादीत, घातली. त्याच वर्षी डेपास विक्रीस आले, आणि त्या यादीत एटिझोलाम नव्हते. त्यामुळे जपानमध्ये इतर गोळ्यांना लागू असलेली, एका चिठ्ठीवर किती दिवसांचे औषध द्यावे याची मर्यादा एटिझोलामला तीन दशके लागू नव्हती. शेवटी ऑक्टोबर २०१६मध्ये जपानने त्याला मनोपरिणामी औषधांच्या तिसऱ्या वर्गात घातले आणि नोव्हेंबरपासून एका चिठ्ठीवर ३० दिवसांची मर्यादा आली. आंतरराष्ट्रीय यादीत त्याचा समावेश होण्यास मार्च २०२० उजाडले. म्हणजे ज्या देशाने हे औषध घडवले त्याला ते आवरायला ३२ वर्षे लागली आणि जगाला ३६. या काळात औषधाचा गुणधर्म बदलला नव्हता. त्याचे नाव यादीत नाही याचाच अर्थ ते निरुपद्रवी आहे असा लावला गेला. आपल्याकडची ‘ही त्यातली नाही हो’ ही समजूत त्याच पठडीतली आहे.

पश्चिमेकडे काय झाले ते थोडक्यात सांगतो. २०१०नंतरच्या दशकात एटिझोलाम ‘संशोधनासाठीचे रसायन’ या नावाखाली इंटरनेटवर विकले जाऊ लागले आणि त्यात भारतात बनलेल्या पट्ट्याही परदेशी जात होत्या. पुढे गोष्ट त्याहून बिघडली: पूड मागवून, घरगुती यंत्रांवर गोळ्या दाबून, त्या डायझेपाम म्हणून विकण्याचा धंदा स्कॉटलंडमध्ये फोफावला. २०१८मध्ये तेथे अमली पदार्थांमुळे ओढवलेल्या १,१८७ मृत्यूंपैकी ५४८ प्रकरणांत एटिझोलामचा वाटा नोंदवला गेला, बहुतेक वेळा हेरॉइन किंवा मेथाडोनसारख्या अन्य पदार्थांच्या जोडीने. ब्रिटनने मे २०१७मध्ये त्याला नियंत्रित पदार्थांच्या सी वर्गात घातले होते. अमेरिकेने जुलै २०२३मध्ये तात्पुरत्या आदेशाने नियंत्रित पदार्थांच्या पहिल्या अनुसूचीत घातले. या आकड्यांवरून आपल्या दुकानातील ०.५ची गोळी विषारी आहे असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. त्या गोळ्यांत किती एटिझोलाम आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसे, आणि मोजून बनवलेल्या औषधाशी त्यांची तुलना होत नाही. पण श्वास मंदावणाऱ्या दुसऱ्या पदार्थासोबत हे औषध किती धोकादायक होते, ते यातून निर्विवादपणे दिसते. आपल्याकडे त्या दुसऱ्या पदार्थाच्या जागी मद्य असते, किंवा दुखण्यासाठी दिलेले ट्रॅमाडॉल, किंवा खोकल्यासाठीचे कोडीन. मानदुखीच्या चिठ्ठीवर ट्रॅमाडॉल आणि एटिझोलाम शेजारीशेजारी दिसले की मी थांबतो आणि डॉक्टरांना फोन करतो.

दुसरी एक गाठ महाराष्ट्रातल्या वाचकाने विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. एटिझोलामचा निचरा यकृतातील सीवायपी-३ए४ या विकरामार्फत (एन्झाइममार्फत) होतो. गजकर्णासाठी आपल्याकडे हल्ली आठवडेच्या आठवडे दिली जाणारी इट्राकोनाझोलची कॅप्सूल नेमके हेच विकर रोखते, आणि तिच्यासोबत एटिझोलाम रक्तात जास्त प्रमाणात व जास्त वेळ राहते, हे अभ्यासातून दिसून आलेले आहे. क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविकही याच विकराला अडवते. उलट फिट्ससाठी दिले जाणारे कार्बामाझेपिन हा निचरा वाढवते आणि एटिझोलामचा परिणाम घटतो. त्वचेच्या डॉक्टरांना मानेच्या गोळीचे नाव सांगण्याचे कोणाच्या मनातही येत नाही, आणि गोळीचे नावच माहीत नसेल तर सांगणार तरी काय?

आता मिश्रगोळ्यांविषयी, कारण या उत्पादनाच्या भारतीय रूपावर माझा सर्वांत मोठा आक्षेप येथे आहे. एटिझोलाम आपल्याकडे एकट्याने जितके मिळते तितकेच नैराश्य व चिंतेवरील एसिटालोप्रामसोबत किंवा हृदयाचे ठोके मंद करणाऱ्या प्रोप्रॅनोलॉलसोबत एकाच गोळीत बांधून मिळते. एसिटालोप्रामचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि गुण आल्यानंतरही ते कित्येक महिने चालू ठेवायचे असते. पहिल्या काही आठवड्यांत, ते लागू पडेपर्यंत, जोडीला एटिझोलाम देण्यात वैद्यकीय तथ्य आहे. पण दोन्ही एकाच गोळीत असली की जे दोन-चार आठवड्यांत थांबवायचे ते, जे महिनोन्‌महिने चालवायचे त्याच्यासोबत चालूच राहते. एटिझोलाम कमी करायचे तर एसिटालोप्रामही कमी होते, आणि एसिटालोप्राम वाढवायचे तर एटिझोलामही वाढते. प्रोप्रॅनोलॉलची जोडी तर याहून अवघड आहे. धडधड आणि हातांची थरथर यांवर दोन्ही मिळून छान आराम देतात. मात्र ही गोळी एकदम बंद झाल्यास दोन्ही औषधे अचानक सुटल्याचा परिणाम एकाच वेळी होतो आणि हृदयाचे ठोके उसळी घेतात. दम्याच्या रुग्णाला प्रोप्रॅनोलॉल चालत नाही, आणि मिश्रगोळीच्या व्यापारी नावावरून त्यात प्रोप्रॅनोलॉल आहे हे ओळखू येईलच असे नाही. दोन गोळ्यांऐवजी एक घेण्याची सोय मी समजू शकतो, पण ज्या औषधाची मात्रा उतरवत नेणे हाच उपचाराचा भाग आहे ते दुसऱ्याला जखडून विकणे मला मान्य नाही. तोंडात विरघळणाऱ्या गोळ्यांबद्दल माझी तशी तक्रार नाही. गिळण्याचा त्रास असलेल्या वृद्धांना त्या सोयीच्या पडतात, फक्त त्या ओल्या हाताने काढू नयेत.

दुष्परिणामांपैकी गुंगी, तोल जाणे आणि विस्मरण हे सर्वांना ठाऊक असलेले आहेत. वृद्धांमध्ये रात्री शौचालयाला जाताना पडून खुब्याचे हाड मोडणे ही त्यांतली सर्वांत महागात पडणारी गोष्ट. कमी माहीत असलेला एक परिणाम म्हणजे पापण्यांचे आपोआप मिटणे. दीर्घकाळ एटिझोलाम घेणाऱ्यांत असा पापण्यांचा आकडीसारखा विकार जपानी नेत्रतज्ज्ञांनी नोंदवला आहे, आणि औषध थांबवल्यावर अनेकांत तो कमी झाला. डोळे उघडे ठेवायला त्रास होतो म्हणून चष्म्याचा नंबर पुन्हा पुन्हा तपासून घेणाऱ्या माणसाने आपली पट्टी एकदा नेत्रतज्ज्ञांना दाखवलेली बरी.

या औषधाची सवय इतरांपेक्षा कमी लागते, असाही दावा ऐकू येतो. प्राण्यांवरील काही प्रयोगांत एटिझोलामबाबत सहनशीलता, म्हणजे त्याच परिणामासाठी मात्रा वाढवावी लागणे, कमी दिसल्याचे प्रसिद्ध झाले आहे हे खरे. परंतु जपानमधील तीस वर्षांच्या अनुभवानंतर तेथील शासनाने उलटाच निर्णय घेतला, आणि माझ्या लेखी त्या अनुभवाचे वजन उंदरांवरील प्रयोगापेक्षा जास्त आहे.

या रेणूविषयी मला निखळ आदर वाटतो तो त्याच्या दुसऱ्या बाजूमुळे. एटिझोलाम हे प्लेटलेट सक्रिय करणाऱ्या पीएएफ या स्निग्ध पदार्थाच्या ग्राहीलाही अडवते, आणि या गुणामुळे जपानी शल्यचिकित्सकांनी मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू साचणाऱ्या रक्तगाठीवरही ते वापरून पाहिले. पुढे २०१०मध्ये कर्करोग संशोधनात गाजलेला जेक्यू-१ हा रेणूदेखील याच थायेनो-ट्रायझोलो-डायझेपिन सांगाड्याचा आहे, मात्र तो गाबाच्या ग्राहीऐवजी पेशीतील जनुकांच्या वाचनाशी संबंधित प्रथिनांवर बसतो. थायोफीनचे एक वलय बसवून सुरू झालेल्या कामाला इतक्या दूरवर फांद्या फुटाव्यात, ही योशितोमीच्या रसायनतज्ज्ञांच्या कल्पकतेला मिळालेली दाद आहे.

तेव्हा निवाडा असा. साधी एटिझोलामची गोळी, ०.२५ किंवा ०.५, तीव्र चिंतेच्या किंवा झोप उडाल्याच्या काळात, डॉक्टरांनी थांबवण्याची तारीख आधीच ठरवून दोन ते चार आठवड्यांसाठी दिलेली असेल, तर हे उत्तम उत्पादन आहे: लवकर लागू पडते, सकाळी डोके जड ठेवत नाही आणि परवडते. त्याच गोळीचा कायमस्वरूपी वापर, विशेषतः मानेच्या किंवा कंबरेच्या दुखण्यासाठी आणि साठीपुढच्या माणसांत, मला समर्थनीय वाटत नाही. तेथे व्यायाम आणि फिजिओथेरपी यांना पर्याय नाही. मिश्रगोळ्यांची शिफारस मी करणार नाही. पट्टीला मात्र मी नापास करतो. कंपन्यांनी प्रत्येक पट्टीवर मराठीसह स्थानिक भाषांत दोन ओळी छापाव्यात: एकदम बंद करू नये, आणि मद्यासोबत घेऊ नये. औषधाचे मूळ नाव व मुदत पट्टीच्या प्रत्येक खणामागे असावी, म्हणजे कात्री कोठेही चालली तरी माहिती तुटणार नाही. काही आजारांच्या औषधांवर अशी खणाखणांतली छपाई केली जाते, त्यामुळे ती अशक्य आहे असे कोणी म्हणू नये.

जे आधीपासून महिनोन्‌महिने ही गोळी घेत आहेत त्यांनी हे वाचून आज रात्रीपासून ती बंद करू नये. अचानक थांबवल्यास झटके येण्याचाही धोका असतो. डॉक्टरांना भेटून उतरती मात्रा लिहून घ्यावी, आणि चिठ्ठीवर मिश्रगोळी असेल तर दोन्ही औषधे सुटी करून देता येतील का हे विचारावे. अर्ध्या गोळ्या कापत बसण्यापेक्षा ०.२५ची पट्टी लिहून मागावी. ती दुकानाच्या फळीवर नसली तरी घाऊक विक्रेत्याकडे बहुधा असते, आणि चिठ्ठी दाखवून मागणी नोंदवली की दुकानदार ती एखाद्या दिवसात आणून देतो.